गावातली झेडपीची शाळा : पालक सांगतात त्यातलं किती धरायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्याहून गावी परत आलात, लेक जूनला पहिलीत जाणार, घरापासून पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट ४३, शिक्षक दोन. पाच पालकांना विचारलंत तर पाच तऱ्हा. एकीनं सांगितलं गुरुजी देवमाणूस आहेत, दुसरा म्हणाला नुसते मोबाइलवर असतात, तिसरी म्हणाली खिचडीत अळ्या निघाल्या होत्या, चौथा म्हणाला इंग्रजीच्या नावानं बोंब आहे, आणि पाचवीनं नाक मुरडून 'तिकडं कसली पोरं येतात माहितेय ना' असं ऐकवलं. आता ह्यातलं कुणाचं खरं धरायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी ३४ वर्षं झेडपीत काढली, त्यातली शेवटची ११ केंद्रप्रमुख म्हणून, माझ्याकडं १३ शाळा होत्या. त्यामुळं असली मतं मी चहाच्या टपरीवर, ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ऐकलीत, आणि निम्म्या वेळा ती माझ्याच शाळेबद्दल होती. माझा अंदाज असा की तुमचे पाचही जण खरंच बोलतायत. फक्त पाच जण पाच वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि तुम्हाला वाटतंय की सगळे शाळेबद्दल बोलतायत.

बघा, दोन शिक्षकी शाळा म्हणजे काय. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, ६१ च्या पुढं तिसरा. म्हणजे तुमच्या शाळेत वर्ग चार, माणसं दोन, बहुतेक पहिली-दुसरी एकाकडं आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडं. आता ज्या बाईंनी 'देवमाणूस' म्हटलं त्यांचं पोर पहिली-दुसरीवाल्यांकडं आणि ज्यानं 'मोबाइल' म्हटलं त्याचं तिसरी-चौथीवाल्यांकडं असेल तर दोघांत भांडण काहीच नाही. आणि त्यातला एक जण मे महिन्यात बदलून गेला की निम्मी शाळा बदलली. बदल्या आता ऑनलाइन पोर्टलवरनं होतात, गावानं कितीही मोर्चा काढला तरी फारसा उपयोग होत नाही. मी अशी शाळा बघितलीय की जिच्याबद्दल अख्खा तालुका चांगलं बोलत होता, लोक लांबून पोरं आणून घालत होते, आणि ज्यांच्यामुळं बोलत होता ते सर जाऊन तीन वर्षं झाली होती! लोकांच्या तोंडी शाळेचं नाव राहतं हो, शिक्षक पुढं गेलेला असतो. उलटंही तसंच, दहा वर्षांपूर्वी एक पिणारा शिक्षक होता म्हणून आजच्या चांगल्या बाईंच्या वर्गाला पट मिळत नाही.

म्हणून कुणीही मत दिलं की पहिल्यांदा विचारायचं, तुमचं पोर कुठल्या वर्गात, कुठल्या साली, कुणाच्या हाताखाली होतं. ह्या एका प्रश्नात निम्मे लोक गळतात, कारण त्यांचं पोर कधी त्या शाळेत गेलेलंच नसतं, पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातं. तुमच्या पाचव्या बाई त्यातल्याच असणार. 'तिकडं कसली पोरं येतात' ह्याचा अर्थ शाळेत शिकवत नाहीत असा नाही, त्याचा अर्थ मजुरांची, धनगरवाड्यावरची, खालच्या आळीतली पोरं येतात असा आहे, आणि ते बोलायला लाज वाटते म्हणून 'कसली' हा शब्द वापरतात. ते मत मी तरी बाजूला ठेवलं असतं. तुमची लेक त्या पोरांबरोबर चार वर्षं बसली तर तिचं काही वाईट होणार नाही, माझ्या थोरलीचं झालं नाही.

आणि हो, आता कुणीतरी विचारणारच की गुरुजींचीच पोरं कुठं शिकतात, तर आधीच सांगून टाकतो. थोरली माझ्याच केंद्रातल्या झेडपी शाळेत शिकली, धाकट्याला इंग्लिश मीडियमला घातला. बायकोचा आग्रह होता असं मी सांगत आलोय पण खरं म्हणजे मलाही धाडस झालं नाही. त्यामुळं हा टोमणा मी गपचूप ऐकून घेतो.

आता मोबाइलचं. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आणि हिच्यातच सगळ्यात मोठा मार खाल्ला. माझ्या केंद्रातल्या एका शाळेतले पाच-सहा पालक माझ्याकडं आले, सर शिकवतच नाहीत, सारखं तोंड मोबाइलमध्ये. मी दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो. सर खरंच मोबाइलवर होते, पण काय करत होते? पोषण आहाराची रोजची माहिती भरत होते, मग कुठल्यातरी प्रशिक्षणाची लिंक, मग आधार व्हॅलिडेशन, मग वरनं आलेलं 'तात्काळ, आजच' असं काहीतरी. त्यात ते बीएलओ पण होते, म्हणजे मतदारयादीचं काम गळ्यात. मी पालकांना बोलावून सुनावलं, म्हणालो हे सरकारी काम आहे, कँडी क्रश नाही, उगीच माणसाला बदनाम करू नका. ते बिचारे गेले. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मी तिसरीच्या १४ पोरांना एकेकाला जवळ बसवून वाचायला लावलं तर १४ पैकी ५ जणांना धड वाचता येत होतं. सर मोबाइलवर होते हे खरं, काम सरकारचंच होतं हेही खरं, आणि त्यात पोरांचं वाचन राहून गेलं हे तिसरं खरं, आणि पालक नेमकं तेच सांगायला आले होते, फक्त त्यांना ते 'मोबाइल' ह्या शब्दात सांगता आलं. मी शब्दाला उत्तर दिलं आणि तक्रार परत पाठवली. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या पालकाला परत गाठा आणि मोबाइलचं सोडून विचारा की पोराला काय येतं.

हे विचारायचं कसं ते मला एका आईनं शिकवलं. मी तेव्हा नवीन होतो, पहिली-दुसरीला शिकवायचो. दिवाळीनंतर एक बाई आल्या, उसाला जायच्या, अक्षर ओळख नाही. म्हणाल्या, गुरुजी, पोरगं वाचतंय का पाठ म्हणतंय? मी म्हटलं वाचतंय की, चांगलं वाचतंय. त्या म्हणाल्या, मग त्याला खालनं वर वाचायला सांगा. मला कळेचना. त्यांनी पुस्तक घेतलं, धडा उघडला, चित्रावर तळहात ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पोराला म्हणाल्या, हं, हितनं. पोरगं गप्प. मग माझ्याकडं बघायला लागलं. मग धड्याची पहिली ओळ घडाघडा म्हणून मोकळं झालं, बोट मात्र शेवटच्या ओळीवर! घरी रोज पहिल्यापासून ऐकून ऐकून त्या बाईंना तो धडा स्वतःलाच पाठ झाला होता, आणि दिवाळीत पोरानं पान उलटायच्या आधीच पुढची ओळ म्हटली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. वाचता न येणाऱ्या बाईनं माझी तपासणी केली ती अशी, आणि त्यानंतर शेवटपर्यंत कुठल्याही वर्गात गेलो तरी मी पहिल्यांदा चित्रावर हात ठेवायचो.

तुम्ही पण हेच करा. शेजारपाजारचं त्या शाळेतलं तिसरीचं एखादं पोर घरी चहा-बिस्किटाला बोलवा, एक नको, तीन-चार वेगवेगळ्या घरची, कारण एक हुशार पोर प्रत्येक शाळेत असतंच आणि पाहुण्यांपुढं तेच उभं करतात. दुसरीच्या पातळीची, पण त्यानं आधी न बघितलेली एखादी गोष्ट वाचायला द्या. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून पोरांना किती वाचता येतं, गणित येतं ह्याचं 'असर' नावाचं सर्वेक्षण करते ते ह्याच धर्तीवर असतं, आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि तेही पोराच्या घरी बसून. गणितात हातच्याची वजाबाकी घाला, ५२ वजा २७. पोरानं ३५ लिहिलं तर समजा की दोनातनं सात जात नाहीत म्हणून सातातनं दोन घालवलेत, म्हणजे हातचा कुणी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवलेला नाही, नुसता फळ्यावर सांगितलाय. हे सगळं अर्ध्या तासात होतं. पण पोरांवर परीक्षेचा दाब आणू नका, नाहीतर त्यांच्या आया परत पाठवायच्या नाहीत.

ह्याहून पक्की माहिती हवी असेल तर एक माणूस आहे ज्याला कुणीच विचारत नाही. तुमची शाळा चौथीपर्यंत, म्हणजे पोरं पाचवीला शेजारच्या हायस्कुलात जात असणार. त्या हायस्कूलच्या पाचवीच्या वर्गशिक्षकांकडं आजूबाजूच्या पाच-सहा झेडपी शाळांची पोरं एकदम येऊन बसतात, आणि जुलै संपायच्या आत त्यांना कळलेलं असतं की कुठल्या वाडीची पोरं वाचतात आणि कुठल्या वाडीची पोरं नुसती हुबेहूब उतरवून काढतात. त्यांना शाळेचं नाव घेऊन विचारलं तर ते आडवळणानं बोलतील, शेवटी सगळे एकाच तालुक्यातले. पण 'तुमच्याकडं पाचवीत कुणावर कमी मेहनत घ्यावी लागते' असं विचारा, बरोबर सांगतात. मी स्वतः केंद्रप्रमुख असताना माझ्या शाळांचा खरा निकाल तिथनंच काढायचो, आमच्या नोंदवह्यांत तर सगळ्यांनाच अ श्रेणी असायची.

खिचडीतल्या अळ्यांचं हलक्यात घेऊ नका पण एकदाच झालं का परत परत, हे विचारा. पावसाळ्यात तांदळाला कीड लागते, पोती जमिनीवर टेकून ठेवली की जास्तच. पहिली ते पाचवीच्या पोरामागं दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ येतो आणि ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे, वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घेऊन वहीत सही करायची असते. ती चवीची वही बघायला मागा. त्यापेक्षा सोपं म्हणजे जेवणाच्या सुट्टीत जा आणि गुरुजी-बाई तीच खिचडी खातायत का बघा. जिथं शिक्षक पोरांच्या पंगतीत ताट घेऊन बसतात तिथं अळ्या एकदाच निघतात. आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला, त्या तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं तिथंच असतात, मुख्याध्यापक येतात जातात, शाळेत काय चालतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

बऱ्याच तक्रारींचा पत्ता चुकलेला असतो हेही ध्यानात ठेवा. २०२४-२५ ला सरकारनं राज्यभर गणवेशाचं कापड वरनं द्यायचं आणि शिलाई बचत गटांकडं असं ठरवलं, कुठं वेळेवर आले नाहीत, कुठं मापात बसेनात, आणि शिव्या कुणी खाल्ल्या तर गावातल्या गुरुजींनी. पुढच्या वर्षापासून ते परत शाळा व्यवस्थापन समितीकडं दिलं. पण त्या वर्षीचा राग ज्याच्या डोक्यात बसला तो आजही 'शाळा भंगार आहे' म्हणतो, कशानं भंगार ते विसरून गेला.

इंग्रजीचं म्हणाल तर मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना आलं ते. म्हणजे विषय आहेच, येतं का हा प्रश्न. बऱ्याच शाळांनी पट टिकवायला सेमी इंग्रजी केलंय, म्हणजे गणित इंग्रजीतनं, पुढं विज्ञान पण. माझं मत विचाराल तर पहिली-दुसरीला सेमीच्या मागं लागू नका. ज्या पोराला 'चौदा' आणि 'एकोणीस' ह्यातला फरक मराठीत पक्का नाही त्याला 'नाइन्टीन' पाठ करून काय मिळणार. मी पैज लावून सांगतो, जे पोर तिसरीपर्यंत मराठी झरझर वाचतं ते पाचवीपर्यंत इंग्रजीलाही हाताला लागतं, आणि दोन्हीकडं अर्धवट राहिलेली इंग्लिश मीडियमची कितीतरी पोरं चौथीला परत आमच्याकडं दाखला घेऊन आलेली बघितलीत. त्यांना 'ए फॉर ॲपल' येतं, आईला चिठ्ठी लिहिता येत नाही. अर्थात घरी इंग्रजीचं वारं नसेल आणि शाळेतही कुणी बोलत नसेल तर तुमच्या त्या चौथ्या पालकाचं म्हणणं बरोबरच आहे, त्यानं त्याच्या पोरात जे बघितलं ते सांगितलं.

राहिले 'देवमाणूस'. गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त सावध ह्याच मतानं केलं असतं. गावाला आवडणारा शिक्षक आणि पोरांना शिकवणारा शिक्षक हा एकच असतो असं नाही. जत्रेला वर्गणी देतो, मयताला येतो, कुणाचा फॉर्म भरून देतो, दाखला पाच मिनिटांत हातात ठेवतो, तो देवमाणूस. चांगलंच आहे, असावं. पण माझ्या १३ शाळांत सगळ्यात चांगलं वाचणारा वर्ग ज्या बाईंचा होता त्या गावात कुणालाच आवडत नव्हत्या, का तर फटकळ, उशिरा आलेल्या पोराला दारात थांबवून आईला फोन लावायच्या, सत्यनारायणाला बोलावलं तर जायच्या नाहीत. त्यांची बदली झाली तेव्हा नारळ द्यायला चार माणसं नव्हती. दोन वर्षांनी तेच लोक माझ्याकडं आले, बाईंना परत आणा म्हणून. कुठनं आणणार!

आता शाळेत जाल तेव्हा काय बघायचं. भिंती बघू नका. २०१५ ला सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्याच्या आसपास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरनं गाड्या भरून शिक्षक गेले, मीही गेलो, आणि परत आल्यावर सगळ्यांनी लोकवर्गणी काढून फरशीवर आकडे, वेलांट्या, सापशिडी रंगवून घेतली. कुमठ्याला त्या फरशीवर पोरं लोळत शिकत होती. आमच्यातल्या निम्म्या शाळांत फरशी रंगवली आणि वरनं सतरंजी टाकली, खराब होऊ नये म्हणून. त्यामुळं मी केंद्रप्रमुख झाल्यावर शाळेत गेलो की आधी खाली बघायचो. १ ते २० पुसट झालेत, कडा झिजल्यात, खडूची धूळ रेघांत बसलीय, तर इथं पोरं रोज बसतात. सगळं नवं कोरं चकचकीत असेल तर फोटोपुरतं. कपाटातल्या मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे पण तसेच, मळलेले बघायचे. ग्रंथालयाच्या पुस्तकांची पानं दुमडलेली बघायची. स्मार्ट टीव्ही आहे का ह्यापेक्षा त्याचा रिमोट कुठं आहे हे विचारा, शोधाशोध सुरू झाली की समजा.

गुरुजींना मात्र पोलिसासारखं विचारू नका. दोनच गोष्टी विचारा. एक, तुमच्यापैकी एक जण रजेवर किंवा ट्रेनिंगला गेला की ४३ पोरं कशी सांभाळता. 'सांभाळतो हो कसंतरी' म्हणाले तर कसंतरीच होत असणार. चांगले लोक लगेच सांगतात, चौथीची दोन पोरं पहिलीला कार्डं घेऊन बसतात, मी तिसरीला गणित देतो, दुसरी वाचन करते, असं. दुसरं, यंदा बदलीला बसताय का. हे विचारायला संकोच वाटतो पण विचारा, रागावत नाहीत, आणि पहिली-दुसरीच्या बाई अजून दोन-तीन वर्षं राहणार असतील तर तुमच्या लेकीचा पाया पक्का झाला.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल लोक फार बोलतात. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात, कागदावर प्रत्येक शाळेत आहेतच. इतिवृत्ताची वही उघडली आणि सगळ्या सह्या एकाच पेननं, एकाच तिरक्या ओळीत दिसल्या की समजायचं घरोघर फिरून घेतलेल्यात. पण त्यावरनं शाळेला नापास करू नका. पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा, तुमच्यासारखी एक आई समितीत आली तर दोन शिक्षकी शाळेत लगेच फरक पडतो, कारण अशा शाळेला दर महिन्याला येऊन 'तिसरीतल्या किती जणांना वाचता येतं' असं विचारणारं कुणीच नसतं. मी विचारायचो, पण १३ शाळांमध्ये माझी पाळी कधी यायची!

प्रवेशाचं एवढंच. लेकीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीला घेतात. जन्मदाखला न्या, पण कागद अपुरे आहेत म्हणून परत पाठवता येत नाही, कायद्यातच आहे. जायचं तर शनिवार टाळा, शाळा सकाळची असते आणि सगळे घाईत असतात. मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमाराला जा, लेकीला बरोबर घेऊन, आणि तिला वर्गात सोडून तुम्ही व्हरांड्यात थांबा. पहिलीतली पोरं तिला जागा करून देतात का, आणि बाई तिचं नाव विचारायला खाली बसतात का, तेवढं बघून या आणि मग इथं परत लिहा.